उताराचा उजेड

खारशेतमध्ये घरातला दिवा जरा मंद झाला, तर फ्यूज बघायला कोणी उठत नसे. लोक एकमेकांना विचारत, "आत्ता घाटात कोण आहे?"

उत्तर शोधायला लांब जावं लागत नसे. बाजारनाक्यावर, जिथे पूर्वी सिनेमाची पोस्टरं लागत, तिथे एक मोठा उजळ फलक होता. भैरीघाट उतरत असलेल्या प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरचं नाव त्यावर दिसे, आणि नावापुढे एक आकडा. तो माणूस त्या क्षणी गावाला किती किलोवॅट वीज देतो आहे, तो आकडा. दिलावर मुजावर, साठ. सर्जेराव पोवार, एकसष्ट. शाळेतून येणारी मुलं तो फलक क्रिकेटच्या धावफलकासारखी मोठ्याने वाचत. लग्नाची पत्रिका आधी देवापुढे ठेवली जाई आणि मग ड्रायव्हरांच्या खोलीवर पोचती होई. गाडी घाट उतरून पायथ्याला लागली की ते नाव फलकावरून नाहीसं होई, आणि नाक्यावरचा एखादा रिकामटेकडा समाधानाने म्हणे, "पोचला."

देशभरातलं विजेचं मोठं जाळं मोडीत निघून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. प्रत्येक तालुक्याने आपापली सोय बघावी, असं सरकारने सांगून टाकलं होतं. खारशेतला ऊन होतं, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत उन्हाचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता. गावाकडे खात्रीची एकच गोष्ट होती, ती म्हणजे मागचा डोंगर. त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा होता आणि सड्यावर बॉक्साइटची खाण. चाळीस-चाळीस टनांच्या गाड्या तिथून दिवसभर खाली बंदराकडे उतरत.

याच गावच्या डॉ. नीलांबरी खोत. भौतिकशास्त्र शिकून, परदेशात दहा वर्षं काढून परत आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना यथासांग वेड्यात काढलं. कारण त्या दिवसदिवस घाटाच्या पायथ्याशी बसून ड्रायव्हर लोकांना ब्रेकने तापलेल्या चाकांवर पाणी मारताना बघत. चाकांतून भसाभस वाफ निघे. नीलांबरींच्या हिशेबात ती वाफ म्हणजे गावाचा उजेड होता, आणि तो हवेत जात होता.

त्यांची कल्पना साधी होती. जड वस्तू वर चढवायला श्रम लागतात. ती खाली आली की ते श्रम परत मिळायला हवेत. डोंगरावरचा दगड पृथ्वीने स्वतःच कोट्यवधी वर्षांपूर्वी वर उचलून ठेवला आहे, त्यासाठी कोणी घाम गाळलेला नाही. तो खाली आणताना जी शक्ती सुटते, ती ट्रकला पळवू बघते. जुना ड्रायव्हर ब्रेक दाबून ती शक्ती उष्णतेत घालवी. नीलांबरींनी ट्रकच्या चाकांना मोटर जोडली. मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते, आणि चाकाने मोटरला फिरवलं की ती वीज देते. पण ती सुखासुखी फिरत नाही. तिच्यातून जितकी वीज ओढावी तितकी ती चाकाला मागे धरते. म्हणजे वीज घेणं हाच ब्रेक. घाटभर डोक्यावरून तार नेली, गाडीच्या टपावरच्या दांड्याने वीज त्या तारेत गेली, त्यातला काही भाग रिकाम्या गाड्या वर चढवण्यात खर्च झाला, आणि उरलेली खारशेतला मिळाली. या विजेला लोकांनीच नाव दिलं, उतारवीज.

गिअर मात्र त्यांनी काढले नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला मोटर पुष्कळ फेरे घेते, त्यामुळे गाडी घट्ट धरली जाते आणि सावकाश उतरते. तिसऱ्यात पकड सैल होते आणि गाडी वेगाने जाते. वीजही त्या वेळेपुरती जास्त मिळते, कारण वजन जितक्या झपाट्याने खाली येईल तितकी शक्ती झपाट्याने सुटते. एकूण वीज तेवढीच. पाण्याची टाकी थेंबाथेंबाने रिकामी करा किंवा धो धो सोडा, पाणी तेवढंच, तसं. पण तिसऱ्यात भैरीघाटाच्या खड्या भागात मोटरची पकड कमी पडते, आणि मग उरलेला भार पायातल्या ब्रेकवर येतो. आणि खाण कंपनीने ते ब्रेक लहान करून टाकले होते. मोटरच गाडी धरते आहे, तर ब्रेक फक्त उभी करण्यापुरते पुरेत, असा विचार करून तेवढ्या वजनाचा जास्तीचा दगड लादला जाई.

म्हणून दिलावर मुजावरने घाटात 'बोली' सुरू केली. दिलावर मूळचा कोल्हापूरकडचा, डिझेलच्या काळापासून घाट चालवत आलेला. घाटाच्या तोंडाशी फाटकापाशी प्रत्येकाने गाडी थांबवायची, खाली उतरायचं, एकेका चाकाजवळ हाताची पालथी बाजू धरून ऊब बघायची, आणि मग मागच्या ड्रायव्हरला ओरडून आपला गिअर सांगायचा. "दुसरा!" मागच्याने हात वर करायचा. एकदा बोललेला गिअर पायथा येईपर्यंत मोडायचा नाही. ही बोली दिलावरच्या डोक्यातून अशीच आली नव्हती. डिझेल वाचवायला लोक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत, तेव्हाचे दिवस त्याने पाहिले होते. एक गिअर काढून वेगळा टाकताना मध्ये एक क्षण असा येतो की चाक कशालाच बांधलेलं नसतं. सपाटीवर तो क्षण कळतही नाही. उतारावर मात्र तेवढ्यात वेग वाढला, तर खालचा गिअर पुन्हा पडतच नाही.

अकरा वर्षं बोली पाळली गेली. अकरा वर्षांत घाटाने एकही माणूस घेतला नाही, आणि खारशेतला याचा अभिमान होता.

श्रावणातल्या एका दुपारी सड्यावर धुकं उतरलं ते हललंच नाही. एरवी घाटात एका वेळी दहा-बारा गाड्या असत. धुक्यात मात्र तीनच सोडायच्या, असा नियम नीलांबरींनीच केलेला होता. तीन गाड्यांच्या विजेवर गाव चालत नाही. त्यामुळे घरं, दुकानं, बर्फाचा कारखाना, सगळं बंद करून जी काही वीज येई ती दवाखान्याला दिली जाई. नाक्यावरचा फलक तेवढा चालू राही, कारण त्याला वीज अशी किती लागणार. अंधारलेल्या बाजारपेठेत ती तीन नावं आणि तीन आकडे लखलखत, आणि लोक छत्र्या घेऊन खाली उभे राहत.

पायथ्याच्या चौकीत नीलांबरी पडद्यासमोर बसल्या होत्या. साठवणीच्या बॅटऱ्या होत्या, पण म्हाताऱ्या झालेल्या. नव्या मिळायला वर्ष लागणार होतं. भरलेल्या असल्या तर दवाखान्याला सहा मिनिटं पुरत, आणि त्या दिवशी त्या भरलेल्याही नव्हत्या. दवाखान्यातून डॉ. परकारांचा फोन आला.

"मॅडम, वीस-पंचवीस तरी वाढवून द्या. ऑक्सिजनचं यंत्र धापा टाकतंय. बाकी सगळं मी बंद केलंय. नवजात कक्षात एक मूल श्वासाच्या मशीनवर आहे."

नीलांबरींनी वायरलेस उचलला. घाटात पुढे दिलावर होता.

"दिलावरभाई, थोडं वाढवता येईल का?"

"बाई, वाढवायचं म्हंजे तिसरा टाकायचा. मी दुसरा बोललोय. आन् पुढचं चाक दिसंना झालंय मला."

धुक्यात खड्या उतारावर तिसरा गिअर म्हणजे काय, ते नीलांबरींइतकं कोणाला माहीत होतं?

"बरं," त्या म्हणाल्या. "सावकाश या."

मागच्या दोघांनाही त्यांनी विचारलं नाही. आकडे साठ, एकसष्ट, एकोणसाठ असेच राहिले. चारच्या सुमाराला दवाखान्यातली मशीन बंद पडली. नर्सने हाताने पिशवी दाबत मुलाला श्वास दिला, मग दुसरीने, दुसरीचे हात दुखले तेव्हा पहिलीने पुन्हा घेतली, पण इतक्या लहान जिवाला हाताचा अंदाज पुरत नाही. मुलगी होती. तिचं बारसंही व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं. दिलावर माल उतरवून चहाच्या टपरीवर आला, तेव्हा टपरीवाल्याने नेहमीसारखा ग्लास त्याच्या हातात दिला नाही, फळीवर ठेवला. बाकावर एक तरुण बसला होता. बर्फाच्या कारखान्यात काम करणारा सुहास भुवड, त्या मुलीचा बाप. तो उठून दिलावरसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच एक गोष्ट समजून घ्यायची असल्यासारखं त्याने विचारलं.

"तुम्ही दुसऱ्यात का उतरलात?"

दिलावरला आधी कळेना. मग कळलं.

"मी फलकाखाली उभा होतो," सुहास म्हणाला. "साठ होते तुमच्यापुढे. मी म्हणत होतो, आता सत्तर होतील, आता ऐंशी होतील. तुम्हाला सांगितलेलं ना खालून?"

"सांगितलेलं."

"मग?"

दिलावरने तोंड उघडलं. धुकं, खडा उतार, पकड, तापलेले ब्रेक, हे सगळं त्याला सांगता आलं असतं, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पण समोरच्या माणसाला ते सांगायचं त्याच्याने होईना. सुहास थोडा वेळ वाट बघून निघून गेला. चहा तसाच फळीवर निवला.

त्या आठवड्यात खारशेत बदललं. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. पण मुलं आता फलक वाचताना आकड्यांची तुलना करू लागली. कोण जास्त देतं, कोण हात आखडतो. पोवारच्या नावाला एकदा त्रेसष्ट दिसले तर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या खरं तर खाणीवर चुकून जास्त भरल्या गेलेल्या दगडाला होत्या. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर आकडा होता, उतार नव्हता.

नीलांबरी एका संध्याकाळी चौकीच्या गाडीने वर फाटकापाशी गेल्या. ऊन कलतं होतं. दिलावर गाडीच्या पायरीवर बसला होता. इथून खाली सगळं खारशेत दिसे, खाडी, बंदर, आणि दवाखान्याची पांढरी इमारत.

"बाई, एक इचारू? शिकल्या-सवरलेल्या हायसा म्हणून इचारतो. खोटं सांगू नका."

"विचारा."

"ती पोरगी माझ्यामुळं गेली काय?"

नीलांबरींना 'नाही' म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर त्यांनी प्रश्नाचं उत्तर मोजून द्यायची सवय लावून घेतली होती, आणि ती सवय नेमकी इथे आडवी आली.

"वीज कमी पडली म्हणून यंत्र बंद पडलं," त्या म्हणाल्या. "घाटात तीन गाड्या होत्या. तुमची एक."

"म्हंजे तिसरा हिस्सा माझा."

"असा हिस्सा पडत नाही हो दिलावरभाई. तुम्ही तिसऱ्यात गेला असता आणि गाडी दरीत गेली असती, तर ती वीजही गेली असती आणि तुम्हीही."

"गेली असतीच असं न्हाई न्हवं?"

"नाही. असतीच असं नाही."

"किती टक्के?"

नीलांबरींनी तो हिशेब खरोखरच केला होता, दोन रात्री बसून, आणि आलेला आकडा त्या कोणालाही सांगणार नव्हत्या. तो आकडा फार मोठा नव्हता.

दिलावरने खाली दवाखान्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "पूर्वी उतरताना मला माझी गाडी दिसायची. फक्त गाडी आन् रस्ता. घाट उतरायला तेवढंच लागतं बगा. आता खालची ती खिडकी दिसती. ब्रेकवर पाय ठेवला की वाटतं, मी कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवतोय. ते तुमचं पिवळं बटण पेटलं की माझा हात आपसूक गिअरवर जातो."

पिवळं बटण म्हणजे मागणीचा दिवा. खाली वीज कमी पडू लागली की तो प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये लागे. ड्रायव्हरला माहिती असावी, एवढ्याच हेतूने नीलांबरींनी तो बसवला होता.

"मी काढून टाकते तो दिवा."

"आता काढून काय हुणार? ठाऊक झालंय ते झालं." तो उठला. "तुमी एक करा. माझ्या गिअरला कुलूप घाला. तितं खाली चौकीत बसून घालता येईल असं. दुसऱ्यातनं हलताच कामा नये. माझा माझ्यावर भरवसा राहिला न्हाई."

"म्हणजे मग पुढच्या वेळी निर्णय तुमचा राहणार नाही. माझा होईल."

"व्हय," दिलावर शांतपणे म्हणाला. "म्हणूनच सांगतोय."

कुलूप बसवणं अवघड नव्हतं. गाडी फाटकापाशी उभी असताना चौकीतून एक कळ दाबली की गिअर पायथ्यापर्यंत दुसऱ्यात अडकून राही. उतार लागल्यावर मात्र ते घालता येत नसे. ते आधीच घालावं लागे. सगळ्या गाड्यांना ते बसवून घेतलं, आणि नीलांबरी फाटक उघडण्याआधी न चुकता कळ दाबू लागल्या. ड्रायव्हर लोकांनी बोली तशीच चालू ठेवली. कुलूप असतानाही ते खाली उतरत, चाकांना हात लावत, ओरडून "दुसरा!" म्हणत. दिलावरला पुन्हा नीट झोप लागू लागली. टपरीवाल्याने त्याच्या हातात ग्लास द्यायला सुरुवात केली, आणि दिलावरने त्याला माफ करून टाकलं.

भाद्रपदात पुन्हा धुकं आलं, या वेळी सकाळीच. तीन गाड्यांचा नियम लागला. गावाची वीज बंद झाली. नाक्यावर फलकाखाली लोक जमले.

डॉ. परकारांचा फोन आला तेव्हा दिलावर फाटकापाशी उभा होता. पुढच्या दोन गाड्या अर्ध्या घाटात होत्या.

"मॅडम, जुळी आहेत. सातव्या महिन्यातली. दोन्ही मशीनवर. मला ऐंशी-नव्वद लागतील एखाद्या गाडीकडून, निदान अर्धा तास. मी भीक मागतोय असं समजा."

"डॉक्टर, गाड्यांना कुलपं आहेत."

"कुलपं कोणाच्या हातात आहेत?"

नीलांबरींनी फोन ठेवला. वायरलेसवर दिलावरचा आवाज आला, मागच्या गाडीतल्या सर्जेरावला ओरडून सांगणारा. "दुसरा!" आणि लांबून सर्जेरावचा हुंकार.

त्यांचं बोट कळेवर होतं. दाबायला अर्धा क्षण लागला असता. त्या म्हणाल्या नाहीत, की मी कुलूप घालत नाही. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं, की मी कोणाला सांगणार नाही आणि कोणाला अडवणारही नाही. असं ठरवताना माणसाला वाटतं, की आपण काहीच ठरवलेलं नाही. त्यांनी बोट उचललं आणि फाटक उघडलं.

फलकावर नाव उमटलं. दिलावर मुजावर, साठ.

पहिली चार वळणं तो त्याच आकड्यावर उतरला. पाचव्या वळणापाशी सगळ्या केबिनमध्ये पिवळा दिवा लागला. नीलांबरींना पडद्यावर तो दिसला. क्षणभराने वायरलेस खरखरला.

"बाई."

"बोला, दिलावरभाई."

"सवयीनं हात गेला, तर गिअरचा दांडा हलला. आज कुलूप न्हाई."

खोटं बोलायला वेळ होता. 'तांत्रिक बिघाड आहे, हात लावू नका,' एवढंच म्हणायचं होतं.

"नाही," नीलांबरी म्हणाल्या. "आज नाही."

पलीकडे फक्त मोटरचा एकसुरी आवाज येत होता.

"किती पोरं हैत?"

"दोन."

"बरं."

गिअर बदलताना आकडा एकदम खाली गेला, वीसवर, मग चढत गेला. सत्तर. ऐंशी. ब्याण्णव. नाक्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्यातून निरोप आला, की यंत्रं व्यवस्थित चालू आहेत आणि बॅटऱ्याही भरताहेत. आणि नीलांबरींना आनंद झाला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे स्वतःशी सुद्धा त्यांनी ते नाकारलं नाही. भीती होतीच, पण तो ब्याण्णवचा आकडा बघताना आधी त्यांना आनंद झाला.

सातव्या वळणाच्या अलीकडे घाट सगळ्यात खडा आहे. तिथे तिसऱ्या गिअरची पकड अपुरी पडली, तशी दिलावरने ब्रेकवर पाय ठेवला. लहान केलेले ब्रेक. पडद्यावर चाकांचं तापमान चढू लागलं. पुन्हा पुन्हा दाबलेला ब्रेक तापतो, आणि एका मर्यादेपलीकडे तापलेला ब्रेक कितीही दाबला तरी धरत नाही. दिलावरला हे पडद्याआधी वासावरून कळलं असणार.

"ब्रेक जळायला लागलेत," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दुसरा टाकून बगतो."

"नको," नीलांबरी ओरडल्या. "दिलावरभाई, काढू नका. आहे त्यात राहा, वाळूच्या पट्ट्यात घाला."

पण गिअरचा दांडा तिसऱ्यातून निघालेला होता. ब्याण्णवचा आकडा शून्यावर आला.

शून्याचा अर्थ गाडी पडली असा नव्हता. गाडी रस्त्यावरच होती. मोटर आणि चाक यांच्यामध्ये आता काही उरलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. गाडी कोणालाही काही देत नव्हती, आणि गाडीला कोणीही धरलेलं नव्हतं.

"दुसरा पडंना," दिलावर म्हणाला. "मोकळी झाली गाडी." मग जरा थांबून, घाईने, पण स्पष्ट, "सर्जेरावला सांगा, दुसरा. माझा निरोप म्हणून सांगा."

त्यानंतर वायरलेसवर वाऱ्याचा आवाज येत राहिला, आणि मग तोही थांबला. सुटलेल्या गाडीसाठी सातव्या वळणावर वाळूचा रुंद पट्टा केलेला होता. त्याच्या कडेवर चाकांच्या खुणा नंतर सापडल्या. हातभर आत वळला असता तर पट्ट्यात गेला असता. पण धुकं होतं.

चौकीत सगळं जागच्या जागी होतं. दवाखान्याचे दिवे मंद झाले नाहीत. दिलावरने शेवटच्या मिनिटांत भरून दिलेल्या बॅटऱ्या यंत्रं चालवत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात, पूर्वीच कधीतरी नीलांबरींनी लिहून ठेवलेल्या आज्ञेप्रमाणे, हिशेब उमटला. साठवण सहा मिनिटं. घाटातली एक जागा रिकामी. पुढची गाडी सोडावी. केबिनमधले पिवळे दिवे पुन्हा लागले होते.

फाटकापाशी सर्जेराव पोवार होता. दिलावरबरोबर वीस वर्षं एका खोलीत राहिलेला.

"सर्जेराव," नीलांबरी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "दिलावरभाईंची गाडी गेली. सातव्या वळणावर. त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय. दुसरा."

वायरलेसवर केबिनचं दार उघडल्याचा आवाज, बुटांचा आवाज. तो चाकांना हात लावत असावा. एक, दोन, तीन, सगळ्या चाकांना. पुन्हा दार.

"बाई, माझ्याकडं पिवळा दिवा लागलाय," सर्जेराव म्हणाला.

"हो."

"म्हंजे पोरं अजून हैत."

"हो."

त्याच्या मागे रांगेत कोण उभं होतं कोणास ठाऊक. धुक्यात काही दिसत नव्हतं. पण बोली मागच्यासाठी असते. सर्जेरावने खिडकीतून डोकं बाहेर काढलं असावं, कारण आवाज लांब गेला.

"तिसरा!"

नीलांबरींचं बोट कळेवर होतं. या वेळी माहीत नाही असं काही उरलं नव्हतं. किती खडा उतार, किती लहान ब्रेक, दरी कुठे, निरोप काय. पाच मिनिटं उरली होती. त्यांनी कळ दाबली नाही. फाटक उघडलं.

बाजारनाक्यावर काळोख्या दुकानांसमोर माणसं मान वर करून उभी होती. त्यांत सुहास भुवडही होता. दिलावर मुजावर हे नाव फलकावरून नाहीसं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. नाव जाण्याचा एकच अर्थ त्या गावाला माहीत होता.

"पोचला," सुहास म्हणाला.

मग नवं नाव उमटलं, आणि त्याच्यापुढचा आकडा चढू लागला, साठ, सत्तर, ब्याऐंशी, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.